कुलेब्राला दोन रात्रींसाठी जाताना : आधी परतीची बोट ठरवा, मग किनारा

पोर्तो रिकोच्या पूर्वेला साधारण २७ किलोमीटरवर कुलेब्रा नावाचं छोटं बेट आहे. वस्ती दोन हजारांच्या आत, गाव एकच, ड्यूई. उंच हॉटेलं नाहीत, मॉल नाही, मोठी पर्यटक जहाजं धक्क्याला लागत नाहीत. रस्त्यात कोंबड्या फिरतात आणि रात्री गाव सोडलं की काळोख असतो. न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडची आपली बरीच मंडळी आता तिकडे जायला लागली आहेत, पण निम्म्याहून जास्त जण परत येतात ते वैतागूनच. कुणाला बोट मिळाली नाही, कुणाचं विमान चुकलं, कुणी लेकरांना भर उन्हात किनाऱ्यावर नेलं तर जवळ प्यायला पाणी नव्हतं.

या सगळ्यांची चूक एकच. किनारा बघून सहल आखली जाते आणि बोटीचा विचार शेवटी होतो. कुलेब्रावर मात्र भाजी, गॅसची टाकी, औषधं आणि माणसं, सगळंच बोटीच्या वेळेवर चालतं. सहलही तशीच आखावी लागते. मी चार वेळा जाऊन आलो आहे आणि पहिल्या खेपेला जे भोगलं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे क्रमाने लिहितो आहे.

१. तारीख निवडणं

शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत कुलेब्रा होत नाही. बेटावर दोन रात्री हव्यात, म्हणजे सोमवारची रजा घ्यावीच लागते. शुक्रवारी संध्याकाळी न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळावरून निघालं की साधारण चार तासांत पोर्तो रिकोची राजधानी सॅन हुआन. रात्री पूर्व किनाऱ्यावरच्या फाहार्दो किंवा लुकियो या गावांच्या बाजूला मुक्काम, शनिवारी सकाळची बोट, शनिवार-रविवार रात्र बेटावर, सोमवारी सकाळी परत.

अमेरिकेतला लाँग वीकेंड गाठून जाऊ नका. त्याच सुट्ट्या पोर्तो रिकोच्या लोकांनाही असतात आणि त्यांचंही हे आवडतं बेट आहे. ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा आणि जुलैचे शनिवार-रविवार तर पूर्ण टाळा. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत हवा उत्तम असते, पण गर्दी असते आणि उत्तरेकडून मोठ्या लाटा येतात. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. त्यातही ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत धोका सर्वांत जास्त. माझ्या मते एप्रिलचा शेवट आणि मे महिना सगळ्यात सोयीचा, फक्त मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीचा आठवडा सोडून.

२. कागदपत्रं

पोर्तो रिको अमेरिकेचाच प्रदेश असल्यामुळे नेवार्क ते सॅन हुआन हा देशांतर्गत प्रवास आहे. एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला म्हणून घाबरायचं कारण नाही, कारण तुम्ही देशाबाहेर जातच नाही. तरीही पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) आणि आय-७९७ची (व्हिसा-दर्जाच्या मंजुरीचं पत्र) प्रत हातातल्या बॅगेत असू द्या. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील तर त्यांचे पासपोर्ट घरी ठेवून निघू नका. ७ मे २०२५पासून विमानतळावर साधं लायसन्स पुरत नाही, रिअल आयडी किंवा पासपोर्ट लागतो.

*सावधान :* कुलेब्राच्या पूर्व टोकावरून रात्री सेंट थॉमसचे दिवे दिसतात. ते बेट वीसेक किलोमीटरवर आहे. 'एवढ्या जवळ आलोच आहोत तर' म्हणून कुणी तिकडची बोट सुचवेल. सेंट थॉमस अमेरिकेचंच, पण तिथून मुख्य भूमीकडे परतताना कस्टम्सची तपासणी असते. त्याच्या पलीकडची टोर्टोला वगैरे बेटं ब्रिटिश आहेत, म्हणजे परदेशच. व्हिसाचा शिक्का संपलेला असताना तिकडे पाऊल टाकू नका.

३. बुकिंग कोणत्या क्रमाने करायचं

इथेच सगळ्यात जास्त लोक घसरतात. स्वस्त विमान दिसलं की आधी ते घेतात आणि बोट त्यात बसवायला बघतात. तुम्ही उलटं मोजा. सोमवारपासून सुरुवात करा.

समजा, सोमवारी संध्याकाळी ७ला सॅन हुआनहून विमान आहे. विमानतळावर साडेचारला पोचायला हवं. तिथे एक जादा तपासणी असते, तिच्याबद्दल शेवटी सांगतो. गाडी परत करायला अर्धा तास. कुलेब्राची बोट जिथून सुटते त्या सेइबा गावाच्या धक्क्यापासून विमानतळापर्यंत साधारण तासाभराचा रस्ता, वाहतूक अडली तर दीड तास. म्हणजे सेइबाहून दुपारी अडीचच्या आत निघायला हवं. आता वाटेल की दुपारी एकच्या सुमाराची बोट चालेल. चालणार नाही. सकाळची पहिली बोट धरा. ती रद्द झाली किंवा भरली तर हाताशी दुसरी राहते. दुपारची धरली तर मागे काहीच उरत नाही.

पहिल्या खेपेला मी नेमकी दुपारची बोट धरली होती. समुद्र खवळला, बोट रद्द झाली आणि धक्क्यावर दोन मुलं, चार बॅगा घेऊन आम्ही संध्याकाळपर्यंत बसून राहिलो. विमान गेलं, नवी तिकिटं घेताना सगळ्या सहलीच्या खर्चाएवढे पैसे गेले. समुद्र आपल्या वेळापत्रकाने वागत नाही, तेव्हा मोकळी वेळ आपणच राखून ठेवायची.

तर क्रम असा :

१. ज्या सोमवारी परतायचं त्या दिवसाचं बोटीचं वेळापत्रक बघा. दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात आणि वेळा बदलतात. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राने सांगितलेल्या वेळेवर विसंबू नका.

२. बेटावरचा मुक्काम बघा, पण पैसे परत मिळतील असाच घ्या. तंबू ठोकायचा असेल तर फ्लामेंको किनाऱ्यावरची तंबूची जागा त्या काळात उघडी आहे का, हे आधी विचारा आणि आरक्षण करूनच निघा.

३. सोमवारी संध्याकाळचं किंवा रात्रीचं विमान घ्या. सकाळ-दुपारचं कितीही स्वस्त असलं तरी नको.

४. बेटावरची जीप किंवा गोल्फ कार्ट लगेच धरा. बेटावर गाड्या मोजक्याच आहेत. विमान आणि घर मिळालं, पण गाडी नाही, अशी बरीच कुटुंबं मी पाहिली आहेत.

५. बोटीची ऑनलाइन तिकिटं विमानांसारखी सहा महिने आधी मिळत नाहीत. ती कधी सुटतात यावर लक्ष ठेवा आणि सुटतील त्या दिवशीच जायचं आणि यायचं अशी दोन्ही काढा. फक्त जायचं काढून 'येतानाचं तिथे बघू' म्हणणारे रविवारी संध्याकाळी रांगेत उभे असतात.

६. बोट मिळालीच नाही तर छोटं विमान. सेइबाहून कुलेब्रा हवेतून पंधरा मिनिटांच्या आत येतं. तिकीट बोटीच्या कित्येक पट महाग असतं. बसताना तुमचं आणि सामानाचं वजन करतात. चाकांच्या कडक बॅगा चालतीलच असं नाही, मऊ पिशव्या न्या. उतरताना विमान दोन डोंगरांच्या मधून येऊन वळतं. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

*तपासा :* बोटीत जागा देताना बेटावरच्या रहिवाशांचा हक्क आधी असतो आणि ते योग्यच आहे. दवाखाना, कचेरी, शाळेचं काम, सगळ्यासाठी त्यांना याच बोटीने जावं लागतं. रांगेत ते पुढे गेले म्हणून वाद घालू नका. तुमच्याकडे तिकीट असेल आणि तुम्ही वेळेवर आला असाल तर तुमची जागा तुम्हाला मिळते.

४. सामान

बेटावर किराण्याची दुकानं आहेत, पण त्यांचा माल बोटीनेच येतो. भाजी-फळं कधी असतात, कधी नसतात, आणि महाग असतात. म्हणून मुख्य बेटावरूनच, म्हणजे पोर्तो रिकोवरूनच, दोन दिवसांचं खाणं बरोबर घ्या. आमच्याकडे दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट-भात आणि बेसनाचे लाडू असा बेत ठरलेला असतो. दशम्या दुधात भिजवलेल्या असल्यामुळे दीड दिवस मऊ राहतात, तिसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. उन्हात त्यांना वास येतो.

शाकाहारी असाल तर बाहेर खाताना विचारूनच खा. भात आणि राजम्यासारखी उसळ बिनधोक वाटते, पण त्यात हॅमचे तुकडे घालायची पद्धत आहे. केळ्याच्या मोफोंगोत डुकराची तळलेली कातडी असू शकते. 'सिन कार्ने, सिन हामोन' एवढं बोलता आलं पाहिजे, म्हणजे मांस नको, हॅम नको. तोस्तोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले काप, मीठ-लसणाबरोबर पोटभर खाता येतात. तळणीचं तेल मात्र वेगळं असेलच असं नाही.

नक्की बरोबर असावं असं :

- माणशी किमान चार लिटर पाणी धरा. दोन लिटर किनाऱ्यावर, बाकी खोलीत.
- रोख रक्कम, सुटे डॉलर. गावात एटीएम आहे, पण वीज किंवा नेटवर्क गेलं की ते बंद.
- अंगभर बाह्यांचा पोहण्याचा सदरा. सनस्क्रीनपेक्षा याचा उपयोग जास्त होतो आणि प्रवाळांनाही त्रास होत नाही.
- पोहण्याचा चष्मा आणि नळी स्वतःची. भाड्याने मिळतात, पण लहान मुलांच्या मापाच्या मिळतीलच असं नाही. घरी टबमध्ये लावून बघा, काच चेहऱ्याला नीट बसली नाही तर खारं पाणी डोळ्यांत जातं.
- खडकांवर चालायला रबरी तळाचे पाण्यातले बूट.
- डासांचं औषध, टॉर्च, रोजची औषधं हातातल्या पिशवीत.

ऊन हा मुद्दा मला जरा लांबवून सांगायचा आहे. कुलेब्रा १८.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या पुण्याच्याच रेषेवर. जानेवारीत न्यू जर्सीच्या बर्फातून निघालेला माणूस हे विसरतो. चार महिने सूर्य न बघितलेली कातडी अकरा वाजता वाळूवर उघडी टाकली की दुपारी दोनपर्यंत ती टोमॅटोसारखी होते आणि दुसऱ्या दिवशीचं पोहणं संपतं. पाण्यात पालथं तरंगताना पाठ आणि गुडघ्यांमागची बाजू भाजते. तिथे औषध लावायचं कुणाच्या लक्षात येत नाही.

५. सॅन हुआन ते सेइबा

*सावधान :* जुन्या माहितीत बोट फाहार्दोहून सुटते असं लिहिलेलं असतं. २०१८पासून ती सेइबाहून सुटते. नकाशात 'फेरी' एवढंच टाकून निघालात तर चुकीच्या धक्क्यावर पोचाल आणि तिथून सेइबाला पोचेपर्यंत बोट गेलेली असेल.

विमानतळापासून सेइबा ५५ ते ६० किलोमीटर. वाटेत टोल आहेत, म्हणून गाडी भाड्याने घेताना टोलचा टॅग लावलेला आहे ना, ते विचारा. भाड्याची गाडी बोटीवर चढवायची नसते, भाडेकरारात तशी मनाई असते. ती सेइबाच्या वाहनतळावर पैसे भरून ठेवायची. सॅन हुआनहून उबरने येता येतं, पण सेइबाहून परतताना तिथे उबर मिळवणं फार अवघड जातं. परतीसाठी आधी ठरवलेली गाडी हवी.

घड्याळ बघा. पोर्तो रिकोत घड्याळं पुढे-मागे होत नाहीत. उन्हाळ्यात तिथली वेळ न्यूयॉर्कइतकीच असते, पण हिवाळ्यात ते एक तास पुढे असतात. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही. बाबांनी त्यांच्या घड्याळात बघून 'अजून तास आहे' म्हटलं म्हणून बोट सुटल्याची उदाहरणं आहेत.

६. बोट

सुटण्याच्या एक तास आधी धक्क्यावर हजर राहा. गाडी लावणं, सामान उतरवणं, रांग यातच पाऊण तास जातो.

एकाच धक्क्यावरून दोन बेटांच्या बोटी सुटतात, कुलेब्रा आणि व्हिएकेस. रांगा शेजारी-शेजारी असतात, फलक लहान असतात. रांगेत उभं राहण्याआधी आणि बोटीवर चढताना, असं दोनदा विचारा : 'पारा कुलेब्रा?' व्हिएकेसला पोचल्यावर तिथून कुलेब्राकडे थेट जायची सोय मिळेलच असं नाही. बहुधा सेइबालाच परत यावं लागतं आणि दिवस वाया जातो.

प्रवास पाऊण तास ते तासाभराचा. समुद्र उघडा आहे, हिवाळ्यात बोट चांगलीच डोलते. उलटीची गोळी बोट सुटल्यावर घेऊन उपयोग नाही, तासभर आधी घ्या. पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि गच्च भरूनही चढू नका, कोरडी बिस्किटं चांगली. मधल्या भागात, खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला बसा. डोलणं तिथे सगळ्यात कमी जाणवतं. फोनकडे बघू नका, क्षितिजाकडे बघा.

*तपासा :* उतरण्याआधी परतीचं तिकीट फोनमध्ये उघडून त्याचा फोटो काढून ठेवा. बेटावर डोंगराआड सिग्नल जातो. नकाशाही आधीच उतरवून घ्या.

७. उतरल्यानंतरचा पहिला तास

सगळे धावत सुटतात फ्लामेंकोकडे. तुम्ही आधी गाडी ताब्यात घ्या, मग पाणी आणि बर्फ, मग सामान खोलीवर ठेवा. गाडी नसेल तर धक्क्यावर व्हॅन उभ्या असतात. त्या माणशी पैसे घेऊन फ्लामेंकोला सोडतात. परतीची शेवटची व्हॅन किती वाजता, हे उतरतानाच चालकाला विचारा.

जीप की गोल्फ कार्ट? गाव आणि फ्लामेंकोपुरतं कार्ट पुरे. पूर्वेच्या सोनी किनाऱ्याला जायचं असेल तर चढ-उतार मोठे आहेत, जीपच घ्या. घरांना नीट पत्ते नसतात, घरमालकाकडून खुणा विचारून ठेवा.

पाणी आणि वीज या बेटाला समुद्राखालून, मुख्य बेटावरून येते. कधीतरी दोन्ही जातात. नळ सोडून भांडी घासण्याची सवय इथे सोडावी. वीज गेली तर घरमालकाला दहा वेळा फोन करू नका, त्याच्याही घरात अंधारच असतो.

८. कोणत्या दिवशी कोणता किनारा

कोकणात वाढलेला माणूस किनाऱ्यावर गेला की आधी विचारतो, भरती कधी, ओहोटी कधी. इथे त्याचा उपयोग नाही. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर असतो. त्यामुळे 'पाणी तर हललंच नाही' असं वाटून माणूस निर्धास्त होतो. इथला धोका वेगळा आहे. दूर अटलांटिकमध्ये वादळ झालं की दोन दिवसांनी त्याच्या लाटा उत्तरेच्या किनाऱ्यांवर येतात, वर आकाश निळंभोर असतानाही.

निवड करायची रीत साधी आहे. वारा बहुतेक वेळा पूर्वेकडून वाहतो, म्हणून पश्चिमेचे किनारे शांत असतात. फ्लामेंकोचं तोंड उत्तरेला आहे, त्यामुळे हिवाळ्यात तिथे लाटा. सोनी पूर्वेला, तिथे वारा आणि उन्हाळ्यात वाहून आलेलं तपकिरी शेवाळ. रोज सकाळी अमेरिकी हवामान खात्याच्या सॅन हुआन कार्यालयाचा किनाऱ्यांचा अंदाज बघा. त्यात ओढीच्या प्रवाहाचा, म्हणजे माणसाला किनाऱ्यापासून आत समुद्रात खेचणाऱ्या पाण्याचा, धोका कमी, मध्यम की जास्त, ते दिलेलं असतं. 'जास्त' असेल त्या दिवशी फ्लामेंकोवर गुडघ्यापलीकडे जायचं नाही आणि सरळ पश्चिमेकडे वळायचं.

*सावधान :* ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, ओढ सुटली की मग तिरकं आत या. पोहता येत नसेल तर तरंगत राहा, हात वर करा. रेसाका आणि ब्रावा या उत्तरेच्या एकाकी किनाऱ्यांवर पोहायला उतरूच नका, तिथे मदतीला कुणी नसतं.

फ्लामेंको. घोड्याच्या नालासारखी पांढरी वाळू, आत जाताना सपाट जमीन. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना न्यायला हाच किनारा बरा. सकाळी नऊच्या आत जा. दिवसभराच्या बोटीने आलेली गर्दी त्यानंतर येते आणि दुपारी तीनच्या सुमाराला ओसरते. पश्चिम टोकाला दोन गंजके रणगाडे आहेत, त्यांवर रंगीत चित्रं काढलेली. मुलांना त्यावर चढवून फोटो काढायचा मोह होतो, पण पत्र्याच्या कडा धारदार आणि गंजलेल्या आहेत.

ते रणगाडे तिथे का आहेत, हे सुरक्षेसाठी माहीत हवं. अमेरिकी नौदल या बेटावर तोफांचा सराव करत होतं. स्थानिकांनी लढून तो १९७५मध्ये बंद पाडला. न फुटलेला दारूगोळा अजून कधीकधी सापडतो, पाण्यात आणि रानातही. फलक लावलेल्या भागात शिरायचं नाही. गंजलेली धातूची वस्तू दिसली तर हात लावायचा नाही, आलो त्याच वाटेने मागे फिरायचं आणि ९११ या आणीबाणीच्या नंबरला कळवायचं. मुलांना शंख-शिंपले गोळा करायला सोडण्याआधी हे नीट समजावून सांगा.

तामारिंदो. नावातच चिंच आहे. पश्चिमेचा किनारा, वाळू कमी, गोटे जास्त, म्हणून पाण्यातले बूट इथे लागतात. हिरवी कासवं बघायची तर इथेच. सकाळी आठच्या सुमाराला, वारा उठायच्या आत, पाण्यात उतरा. किनाऱ्यापासून फार लांब जावं लागत नाही. तळाशी गवताचं कुरण आहे. मी पहिलं कासव पाहिलं तेव्हा ते मान वाकडी करून गवत उपटत होतं, प्रत्येक घासाला वाळूचा एक लहानसा ढग उठत होता, आणि त्याच्या पाठीला चिकटलेला एक लांबट मासा त्याच्याबरोबर हलत होता. पाच मिनिटांनी ते श्वास घ्यायला माझ्यासमोरून वर आलं. नाकाच्या फुंकरीचा आवाज मला नळीतून ऐकू आला.

ते पाहायला मिळतं ते आपण स्थिर राहिलो तरच. मागे लागू नका, वरून घेरू नका, हात लावू नका. ही कासवं कायद्याने संरक्षित आहेत. कासव वर येताना त्याची वाट अडली तर त्याचा श्वासच अडतो. गवतावर उभं राहूनही चालत नाही, तेच त्यांचं खाणं आहे.

कार्लोस रोसारिओ. फ्लामेंकोच्या वाहनतळामागून डोंगरावरून पायवाट जाते, वीस-पंचवीस मिनिटांची. सावली नाही, वाटेत पाणी नाही. वाट सोडायची नाही, कारण तोच दारूगोळा. प्रवाळ पाहायला ही जागा उत्तम आहे. इथून लुइस पेन्या बेटापर्यंतचा पट्टा १९९९पासून राखीव आहे, मासेमारी बंद. खडकांच्या फटींत लांब काळ्या काट्यांच्या समुद्री साळी असतात. पिवळट तपकिरी प्रवाळाला स्पर्श झाला तर चटका बसल्यासारखी आग होते. म्हणून पाण्यात तरंगत राहायचं, कशावरही उभं राहायचं नाही.

*सावधान, हे मुलांना फोटो दाखवून शिकवा :* कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर मान्सानियो नावाचं झाड असतं. चकचकीत हिरवी पानं आणि पेरू-सफरचंदासारखी लहान, पिवळट-हिरवी, गोड वासाची फळं. फळ खाल्लं तर तोंड-घसा भाजून सुजतो. चीक अंगाला लागला तर फोड येतात. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी गळणाऱ्या थेंबांतून चीक अंगावर येतो. आपल्याकडची मुलं पडलेली कैरी-पेरू उचलायची सवय असलेली, म्हणून भीती जास्त. ओळखता येत नसेल तर नियम साधा ठेवा : किनाऱ्यावरचं कुठलंच फळ उचलायचं नाही आणि अनोळखी झाडाखाली पाऊस टाळायला थांबायचं नाही.

९. कुलेब्रिता, जमलं तर

रविवारी समुद्र शांत असेल तरच. ड्यूईहून छोटी बोट ठरवून शेजारच्या निर्मनुष्य बेटावर जाता येतं. तिथे पाणी नाही, दुकान नाही, शौचालय नाही. परत न्यायला किती वाजता यायचं, हे नावाड्याशी ठरवून कागदावर लिहून घ्या. तिथे सिग्नलच्या भरवशावर राहू नका. डोंगरावरचा जुना दीपस्तंभ मोडकळीला आला आहे, बाहेरूनच बघा, आत शिरू नका. सूर्यास्तानंतर थांबायला परवानगी नाही.

सोमवारी सकाळी कुलेब्रिता करून दुपारची बोट पकडू, असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा.

१०. संध्याकाळ आणि रात्र

इथे संधिप्रकाश फार वेळ टिकत नाही. सूर्य बुडाला की अर्ध्या तासात काळोख. पायवाटेवर असाल तर त्याआधी निघा. सूर्यास्ताच्या सुमाराला वाळूतली बारीक चिलटं चावतात, दिसतही नाहीत. स्थानिक लोक त्यांना 'मिमे' म्हणतात. पायाला औषध लावा किंवा त्या तासाला किनारा सोडून घरी या. डासांकडे दुर्लक्ष करू नका. पोर्तो रिकोने मार्च २०२४मध्ये डेंग्यूमुळे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली होती. परतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना या प्रवासाबद्दल आवर्जून सांगा.

वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला सोनी, रेसाका, ब्रावा या किनाऱ्यांवर लेदरबॅक जातीची मोठी कासवं अंडी घालायला येतात. त्या काळात रात्री तिथे टॉर्च, फ्लॅश, शेकोटी काहीही नको. उजेड दिसला की मादी अंडी न घालताच परत फिरते.

गावातला दवाखाना लहान आहे. गंभीर काही झालं तर विमानाने मुख्य बेटावर न्यावं लागतं. म्हणून दम्याचा पंप, ॲलर्जीची गोळी, मलमपट्टी जवळ हवीच.

११. परत निघताना

रविवारी रात्रीच सामान बांधा, गाडीत इंधन भरून ठेवा आणि सोमवारची बोट वेळेवर आहे का ते बघा. लाटांचा इशारा असेल तर सकाळची वाट न बघता छोट्या विमानाची चौकशी तेव्हाच करा. सकाळी सगळे एकदम फोन करतात. आपला कचरा पिशवीत भरून मुख्य बेटावर परत न्या, इथे तो टाकायला जागा फार कमी आहे.

*तपासा :* जीपची किल्ली परत केली का, घराची किल्ली जागेवर आहे का, मुलांचे चष्मे बाहेर दोरीवर राहिले नाहीत ना.

सॅन हुआन विमानतळावर चेक-इनच्या आधी अमेरिकी कृषी खात्याची तपासणी असते. प्रत्येक बॅग त्यांच्या यंत्रातून जाते, मगच पुढे जाता येतं. गर्दीच्या दिवशी या रांगेतच बराच वेळ मोडतो, म्हणून वर विमानतळासाठी अडीच तास धरले होते. मुख्य भूमीवर न्यायला अनेक ताज्या फळांना मनाई आहे आणि त्यात आंबा येतो. मे-जूनमध्ये तिथे रस्त्याच्या कडेला पिकलेल्या आंब्यांच्या टोपल्या विकायला असतात, वासाने गाडी आपोआप थांबते. घ्या, जरूर घ्या, पण सेइबाहून निघतानाच झाडाखाली बसून संपवा. बॅगेत घातलेला आंबा तपासणीत काढून घेतात आणि तिथल्याच पेटीत टाकतात.